बॅटरीचा मोठा डबा आणि पातालकोटचं लग्न

नागपूर

पॉवर स्टेशन म्हटलं की आम्हा नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे कोराडीची धुराडी येतात. त्यामुळे गेल्या एप्रिलात आमच्या ह्यांनी जेवता जेवता "आपण एक पॉवर स्टेशन घेऊन टाकू" असं जाहीर केलं, तेव्हा मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. नागपूरचा एप्रिल, ऊन कुणाच्याही डोक्यात जाऊ शकतं. मग त्यांनी मोबाइलवर चित्र दाखवलं. कडीचा एक डबा, आत बॅटरी, समोर पिना खुपसायच्या जागा आणि किती चार्ज उरला ते सांगणारा आकडा. घरी भरून घ्यायचा, हवा तिथे न्यायचा आणि त्यावर दिवा-पंखा चालवायचा. एवढ्याशा डब्याला पॉवर स्टेशन नाव देणारा माणूस नक्की व्यापारी असणार, असं मी म्हटलं. आमचे हे स्वतः गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी, त्यामुळे त्यांनी ते ऐकलंच नाही.

डबा कशासाठी हवा होता ते आधी सांगते. हे झोपेत घोरायचे. नुसते घोरले असते तर मी कानात कापूस घालून आयुष्य काढलं असतं, पण ह्यांचा श्वास मध्येच थांबायचा. मी अंधारात उठून बसायची, आणि पुढचा श्वास येईपर्यंत माझाही अडकलेला असायचा. डॉक्टरांनी तपासण्या करून एक मशीन दिलं. झोपताना नाकावर मास्क बांधायचा, मास्कला नळी, नळीचं दुसरं टोक मशीनला, आणि मशीन रात्रभर हवा ढकलत राहतं. त्याला आता तीन वर्षं झाली. घोरणं बंद, श्वास सुरळीत, माणूस सकाळी ताजातवाना. त्या मशीनला संध्याकाळी उदबत्ती ओवाळायचीच काय ती मी बाकी ठेवली आहे.

पण तेव्हापासून हे घराबाहेर एक रात्र राहिले नाहीत. अमरावतीला माझ्या भाचीचं लग्न होतं, तर अक्षता टाकून हात धुतले आणि तशीच गाडी परत फिरवली. विचारलं की उत्तर ठरलेलं, "तिथं लाइन गेली त?" लाइन म्हणजे वीज. दुकान आता मुलगा पाहतो, गुडघे अजून शाबूत आहेत, हिंडायचे दिवस ते हेच, आणि मी नागपूरशेजारच्या बुटीबोरीच्या पलीकडे दिवस मावळताना पाहिलेला नाही. मला हॉटेल नको होतं, समुद्र नको होता. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ह्यांच्यासोबत एक रात्र राहायचं होतं. एवढंसं मागणं, पण तीन वर्षं ते अडून बसलं होतं.

ते सुटायची वेळ मन्सारामभाऊंमुळे आली. ते मध्य प्रदेशात तामियाच्या पलीकडे, पातालकोटच्या दरीतल्या एका गावचे. तिकडच्या आठवडी बाजारांत कापड विकतात आणि किती वर्षांपासून माल आमच्याच दुकानातून नेतात. आले की गादीवर बसून आधी घरच्या चारोळीची पुडी ह्यांच्या हातात देतात, मग कापडाचं बोलतात. ह्या वेळी पुडीसोबत पत्रिकाही होती. मुलीचं, फुलवंतीचं लग्न होतं. ते म्हणाले, सेठजी, इतकी वर्षं मी तुमच्या गादीवर बसलो, तुम्ही एक रात्र माझ्या अंगणात झोपा. आणि आमचे हे, गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायची सवय नसलेला माणूस, "येतो न" म्हणून बसले. घरी आल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

म्हणून डबा. सीताबर्डीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. छोटा शाळेच्या दप्तराएवढा, एका हाताने उचलता येणारा. मोठ्याला चाकं, ओढायला दांडा, आणि वजन गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढं. दुकानदार शहाणा होता. त्याने एकच विचारलं, ह्यावर काय चालवायचं आणि किती तास? हाच खरा प्रश्न आहे. तुम्ही कधी असा डबा घ्यायला गेलात तर ह्याचं उत्तर घरून लिहून न्या. मी तोंड उघडलं तेवढ्यात ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाले, "कूलर, फ्रिज, मिक्सर. सारंच." दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती ना. त्यांच्यासमोर घोरण्याचं मशीन म्हणायचं कसं? कूलर म्हटल्यावर दुकानदाराने छोटा डबा मुकाट्याने मागे सरकवला. त्याचं काय चुकलं?

गाडीत मी तोंड सोडलं. मशीनमध्ये पाणी गरम करायचा एक भाग असतो, तो काढून ठेवला तर ते मशीन रात्रभरात टेबलावरच्या पंख्याएवढंही खात नाही, हे मी डॉक्टरांना विचारून आले होते. छोट्यात एक रात्र आरामात निघाली असती, आणि सकाळी गाडीच्या सॉकेटवर तो पुन्हा भरला असता. हे म्हणाले, "तू कटपीसच पाहतं. आपण थान उचलणारे लोक हाओ." मी म्हटलं, कापडाचं अख्खं थान उचलायला दुकानात हमाल आहे, हा कोण उचलेल? त्यावर त्यांनी रेडिओ मोठा केला.

घरी आल्यावर नव्या वस्तूला करतात तसं सगळं केलं. डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, कडीला लाल धागा बांधला, नारळ फोडला. शेजाऱ्यांना बोलावून त्यावर कूलर चालवून दाखवला, मिक्सरमध्ये आंब्याचा रस फिरवला. आणि धूळ बसू नये म्हणून दुकानातल्या जरीकाठी कापडाचं एक झाकण शिवून घेतलं, लाल, सोनेरी किनारीचं. धुळीचं निमित्त होतं. कुणी "हे कशाले?" असं विचारू नये म्हणून ते कापड होतं. मला तेव्हाच हसू येत होतं, पण पुढे त्या कापडाने काय करून ठेवायचं होतं ते मला कुठे माहीत.

खापा

निघालो मेच्या मध्यात, भल्या सकाळी. सावनेरवरून जरा आडवाट करून खाप्याला गेलो, कारण तिथे माझी नणंद राहते, शोभाताई. भाऊ घरावरून तसाच पुढे गेला असता तर त्या वर्षभर बोलल्या नसत्या. त्यांनी सरगुंडे आणि आमरस केला होता. सरगुंडे म्हणजे काडीवर गुंडाळून वाळवलेली गव्हाची नळी, उकडून रसात बुडवायची. नागपुरात आता हे करणारे हात कमी झाले, खाणारी तोंडं तेवढीच आहेत. ह्यांनी इतकं खाल्लं की मला गाडी चालवावी लागते की काय असं वाटलं.

जेवताना ह्यांच्या लक्षात आलं की शेजाऱ्यांना कूलर दाखवून झाल्यावर डबा पुन्हा भरायचाच राहिला. आकडा पाहिला तर तळाशी आलेला. लगेच ओसरीतल्या सॉकेटला लावला. मोठा डबा तो, भूकही मोठीच. कूलर, फ्रिज आणि हा, तिघांनी मिळून शोभाताईंच्या घरचा फ्यूज उडवला. ऐन बाराच्या उन्हात सगळं घर थंड पडलं म्हणायची सोय नाही, तापलं. शोभाताई पदराने वारा घेत म्हणाल्या, दादा, हे आहे तरी काय? हे म्हणाले, इन्व्हर्टर, लग्नात लागेल. सख्ख्या बहिणीला मशीनचं सांगितलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर ते फ्यूजची तार शोधायला गेलेले.

तामियाकडे

गाडीच्या सॉकेटला डबा जोडला, मी मागे त्याच्याशेजारी बसले आणि पुढे निघालो. आता हे दर थोड्या वेळाने मागे वळून आकडा विचारायचे आणि आकडा तिथेच. एवढ्या मोठ्या पोटात गाडीचं सॉकेट चमच्याने भरवत होतं. सौंसर आलं, संत्र्यांच्या बागा गेल्या, आणि मी फक्त आकडा वाचत होते. छोटा असता तर सौंसरपर्यंत भरून उतू गेला असता, असं मी एकदाच म्हटलं. बरं, दोनदा.

जामसावळीला थांबलो. तिथला मारुती आडवा आहे, झोपलेला. नागपूरची माणसं शनिवारी तिथे गर्दी करतात. हे हात जोडून बराच वेळ उभे होते. काय मागितलं ते विचारलं नाही. झोपलेल्या देवाकडे आमच्यासारख्यांनी काय मागायचं ते उघड आहे.

छिंदवाड्याच्या अलीकडे घाट लागतो आणि हवा बदलते. नागपूरचा माणूस घाटात काच खाली करून हात बाहेर काढतो आणि "थंड हाय न?" असं तीनदा विचारतो. आम्हीही विचारलं. तामियाला कड्यावर उभं राहून खाली पाहिलं तर दरीत एकावर एक डोंगरांचे कडे, आणि त्यांच्या तळाशी झाडं इतकी दाट की गावं असतील असं वाटतच नाही. उन्हाळ्यातही ते हिरवं होतं. आमच्याकडे ह्या दिवसांत हिरवं म्हणजे कूलरच्या खिडकीवरचं जाळीचं कापड. आभाळ मात्र पश्चिमेकडून काळं होत होतं, आणि खाली उतरायचा रस्ता तिकडूनच होता. ह्यांनी मागे वळून आकडा विचारला. निम्म्याच्याही खाली होता. मी म्हटलं, पुरेल. त्यांना पटलं नाही, पण परत फिरायचं म्हणाले नाहीत, म्हणून मला जरा बरं वाटलं.

दरीतलं गाव

आमच्यासारखी गाडी गावाच्या वर थांबते, पुढच्या खडबडीत वाटेने ट्रॅक्टर, जीपच उतरतात. तिथून लग्नघरापर्यंत चालत जायचं. मन्सारामभाऊ स्वतः सामोरे आले, ह्यांना मिठी मारली, आणि सोबतच्या चार गड्यांनी आमची पेटी, पिशव्या उचलल्या. जरीच्या कापडातला डबा पाहून ते आधी थबकले, मग दोघांनी मिळून उचलला. वाजंत्री पुढे, डबा मध्ये, आम्ही मागे. हे माझ्या कानात म्हणाले, "पाय, किती जपून नेऊन राहिले." मीही म्हटलं, माणसं चांगली आहेत.

मांडव जांभळीच्या पानांचा होता, ताजा, वास येत होता. जेवायला पत्रावळीवर मक्याची रोटी, टमाटरची झणझणीत चटणी, कुटकी नावाच्या भरडधान्याचा भात आणि गूळ. आमच्याकडे हल्ली लग्नात हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि पनीरच्या काउंटरवर ओळखीच्या माणसाला कोपर मारायचं. इथे मांडी घालून बसलो की वाढणारी बाई समोरून हलेचना. हॉल रिकामा करायची घाई नाही, कारण हॉलच नाही. पाहुण्यांनी रात्री कुठे झोपायचं असं मी विचारलं तर फुलवंतीच्या आजीने अंगणाकडे हात केला. खाटा आणि सतरंज्या, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, सगळे ओळीने. हे ऐकून ह्यांच्या हातातली रोटी हातातच राहिली. आडोसा नाही, खोली नाही. सगळ्या गावासमोर मास्क बांधायचा.

तेवढ्यात वारा सुटला. मांडव हलला, धूळ उडाली, पावसाचे चार टपोरे थेंब पडले आणि दिवे गेले. वर कुठे तरी खांब आडवा झाल्याचं कुणीतरी सांगत आलं. लग्न लागायचं बाकी, नवरदेवाकडची मंडळी येऊन बसलेली. मन्सारामभाऊ धावत ह्यांच्याकडे आले. डब्यावरचं कापड वाऱ्याने उडालं होतं आणि पोट्ट्यांनी खालची पिनांची जागा पाहिली होती. भाऊंनी विचारलं, सेठजी, ह्यावर दिवे लागतात का? हे म्हणाले, लागतात न. दुसरं काय म्हणणार? आम्ही तर तो कूलरसाठी, लग्नासाठी आणला असंच सगळीकडे सांगत आलो होतो. भराभर मांडवातले मोठे दिवे जोडले, माइक जोडला, गाण्याचं यंत्र जोडलं. मांडव उजळला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे अभिमानाने हसले. मग त्यांनी आकडा पाहिला आणि हसणं थांबलं.

पण खरं संकट पुढेच होतं. आमच्या पत्रिकांवर आहेर आणू नये असं छापतात आणि खाली पाकिटं घेतात, तो भाग वेगळा. इथे लग्न लागायच्या आधीच आहेर मांडवात मांडतात आणि एक जण माइकवरून प्रत्येक वस्तू पुकारतो, कुणी दिली त्याच्या नावासकट. पितळी हंडा, भिंतीवरचं घड्याळ, सहा स्टीलचे ग्लास, सगळं. आम्ही आणलेली साडी आणि शालू पुकारून झाला. मग पुकारणारा दोन पावलं पुढे गेला, डब्यावर हात ठेवला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "नागपूर के सेठजी की तरफ से, बिटिया को, बिजली की पेटी!"

वाजंत्री वाजायला लागली. स्वस्तिक काढलेला, कडीला लाल धागा बांधलेला, जरीच्या कापडातून वाजतगाजत आलेला डबा. त्याला आहेर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. छोटा असता तर माझ्या पिशवीत साड्यांखाली पडून राहिला असता आणि कुणी पाहिलाही नसता.

हे माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच सांगत होते, तू बोल. मी त्यांच्या कानात म्हटलं, नाक तुमचं आहे, तुम्ही बोला. ते म्हणाले, "कसं बोलू वं? इज्जतीचा सवाल हाय." मी म्हटलं, मग जाऊ द्या, आज रात्री बसून राहा, उद्या सकाळी निघू. पण मला माहीत होतं, की ही रात्र अशी गेली तर हे आयुष्यात पुन्हा कुठे यायचे नाहीत. एकदा अंगाशी आलेल्या गोष्टीला माणूस दुसऱ्यांदा हात लावत नाही. आणि बसून राहतो म्हणाले तरी पहाटे डोळा लागणारच, मशीन नसताना, आणि मी पुन्हा अंधारात श्वास मोजत बसणार.

तेवढ्यात फुलवंती उठून आली. हळदीच्या अंगाने, हात जोडून. तिने ह्यांच्या पाया पडून सांगितलं, की ती कपडे शिवते, मशीनला मोटर लावलेली आहे, पण सासरच्या गावात दिवे गेले की दिवसभर येत नाहीत, आणि आता ह्या पेटीवर काम थांबणार नाही. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग एकदा आकड्याकडे पाहिलं. आणि मग सरळ चालत जाऊन माइक हातात घेतला. मी पदर तोंडावर घेतला.

"मी झोपेत श्वास घेनं विसरतो," हे म्हणाले. "नाकाले मशीन लावून झोपतो. तीन वर्षांपासून. हे डबडं त्याच्यासाठी आणलं होतं, आहेर म्हणून नोतं आणलं. पण आता पोरीच्या नावानं पुकारलं, त पोरीचंच झालं. फक्त आजची रात मले वापरू द्या."

तीन वर्षं ह्या माणसाने जे बहिणीला सांगितलं नव्हतं ते शंभर अनोळखी लोकांना माइकवर सांगितलं होतं. खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. मग फुलवंतीची आजी खाटेवरून बोलली. तिची भाषा मला अर्धीच कळली, पण अर्थ असा, की पोरगी उद्या जाणार आहे, तर पेटी आज कुठे चालली? सगळे हसले. ह्यांच्यावर नाही, आजीच्या बोलण्यावर. त्या दोन हसण्यांतला फरक तिथे बसलेल्या कुणालाही कळला असता.

मन्सारामभाऊ मात्र हसले नाहीत. ते उठले, डब्याजवळ गेले आणि मांडवाच्या दिव्यांची पिन स्वतःच्या हाताने उपटली. मग माइकची, मग गाण्याची. अंधार झाला. ते कुणाला तरी ओरडून काही म्हणाले आणि थोड्या वेळाने दोन ट्रॅक्टर आणि होत्या तेवढ्या मोटरसायकली मांडवाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्या उजेडात लग्न लागलं. नवरदेवाच्या डोळ्यांवर उजेड येत होता, तो अक्षता पडेपर्यंत डोळे मिचकावत होता. स्वतःच्या मुलीच्या लग्नातला उजेड एका माणसाच्या श्वासासाठी विझवणारा बाप मी तरी पहिल्यांदा पाहिला. हे डोळे पुसत होते आणि मला म्हणत होते की धूळ गेली.

अंगणातली सकाळ

रात्री ह्यांनी सगळ्यांसमोर मास्क बांधला. काही पोट्टे जवळ येऊन पाहून गेले, एकाने ते विमान चालवणाऱ्याचं असतं असं दुसऱ्याला सांगितलं. मग जो तो आपापल्या सतरंजीवर पडला. आणि काय सांगू, पुरुषांच्या ओळीतून जो आवाज सुरू झाला. जेवणं भरपेट झालेली, नाचून दमलेले, त्यात मोहाच्या दारूचाही थोडा वाटा असणार. मन्सारामभाऊ तर पाणबुडी पंपासारखे. त्या अख्ख्या अंगणात न घोरणारा पुरुष एकच होता, तो माझा.

सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खाटेजवळ गेले. घरी दाराची कडी वाजली तरी हे मास्क ओढून उशीखाली लपवतात. इथे अंगण माणसांनी भरलेलं, बायका पाणी भरत होत्या, कोंबड्या खाटेखालून जात होत्या, आणि हे उठून बसले ते नळी लोंबत असलेल्या मास्कसकट. आजीला हात जोडून नमस्कार केला आणि मला खुणेनेच चहा मागितला. मास्क काढल्याशिवाय चहा कसा पिणार, असं मी विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मी आकडा पाहिला. रात्रभर मशीन चालूनही जेमतेम थोडा उतरला होता. मी त्यांच्याकडे डबा फिरवला. त्यांनी पाहिला आणि चहा प्यायला लागले.

दुपारी फुलवंती निघाली. जीपच्या मागच्या सीटवर ती बसली, शेजारी आजीने दिलेला पितळी हंडा, आणि पायाशी डबा, जरीच्या कापडात पुन्हा गुंडाळलेला. हे पुढे जाऊन तिला समजावत होते, की कुलूप लावून ठेव, पाण्यापासून जप, आणि शिलाईच्या मोटरीशिवाय त्यावर कूलर-बिलर लावू नको, उगीच उतरतो. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. हे सगळं आपल्याला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणू शकत होते.

परत

मन्सारामभाऊंनी आणखी एक रात्र राहायचा आग्रह केला. हे म्हणाले, आज मशीनला वीज नाही, पुढच्या वेळी दोन रात्री राहतो. घरातल्या घरात लपवलेली गोष्ट हा माणूस आता एखाद्या चष्म्याचं बोलावं तसं बोलत होता. आजीने चारोळी आणि कुटकीची पुडी बांधून दिली आणि उगाचच माझ्या गालांना हात लावून पाहिला. मला रडू येत होतं, पण डोंगर चढायचा होता.

तामियाच्या वर आल्यावर हे म्हणाले, "आता छोटाच घेऊ." मी गप्प राहिले. अशा वेळी बायकांनी गप्प राहिलं तर नवरे स्वतःहून पुढचं बोलतात, हा माझा अनुभव आहे. रस्ता उतरायला लागला तशी काच खाली करून पुन्हा तेच गार वारं घेत ते म्हणाले, "शोभीले फोन लाव, तिले सांगतो मशीनचं. आणि तू सांग, तुले कुठंकुठं जायचं राहून गेलं. माणसाइच्या घरी. एक एक करून जाऊ."

तीन वर्षं मी ती गावं मनातल्या मनात घोकत होते. अमरावती, अकोला, मैत्रिणीचं वर्धेचं घर, यवतमाळची आत्या. रोज झोपताना एखादं नवं जोडायची. आता विचारलं तर एकही नाव तोंडातून निघेना.

"समोर पाहून गाडी चालवा," एवढंच मी म्हटलं.